उजवीकडून ओढलेली शिरोरेषा

आज सकाळी साडेसातला आमच्या कॉलनीच्या बागेत झेंडावंदन झाले. तिथे वाटलेली जिलेबीची पुडी मी न उघडताच घरी आणली आणि ती अजून टेबलावर पडून आहे. कागदाला पाकाचा डाग पडला आहे. दिवसभर पावसाची भुरभुर चालू आहे आणि माझे मन कशातच लागत नाही, म्हणून लिहायला बसलो आहे. लांबेल, पण वाचा.

दर वर्षी कॉलनीतल्या एका ज्येष्ठाच्या हस्ते ध्वजारोहण करायची आमची पद्धत आहे. या वर्षी तो मान माझ्या बालमित्राचा होता. काल संध्याकाळीच तो खांबाची दोरी ओढून पाहून गेला होता, कप्पीला तेल घालून गेला होता, आणि झेंडा त्याने स्वतः इस्त्री करून, आत झेंडूच्या पाकळ्या ठेवून बांधला होता. सकाळी तो दोरीला हात घालणार एवढ्यात मागून आवाज आला, "झेंडा इथल्या माणसानं लावावा, पाकिस्तानातून आलेल्यांनी कशाला?" बोलणारा पंचविशीतला, चांगला शिकलेला मुलगा आहे. तो गमतीने बोलला, असे मला नंतर समजावण्यात आले. पाच-सहा जण हसले. माझा मित्र हसला नाही आणि रागावलाही नाही. त्याने दोरी सोडली, दोन पावले मागे सरकला आणि "तुम्ही लावा, तुम्ही लावा" असे म्हणत अध्यक्षांकडे पाहू लागला. अध्यक्षांनी दोरी ओढली, पाकळ्या पडल्या, राष्ट्रगीत झाले. राष्ट्रगीत संपल्यावर बोलता आले असते. मी बोललो नाही. आयुष्यभर मुलांना इतिहास आणि मराठी शिकवलेला मी जिलेबीची पुडी घेऊन घरी आलो.

जो माणूस पाकिस्तानातून आला म्हणून मागे सरकवला गेला, त्याचा जन्म 1956 मध्ये याच जळगावात झाला आहे. पाकिस्तान त्याने नकाशाखेरीज कुठेही पाहिलेले नाही. आले होते ते त्याचे वडील, आणि त्यांच्याविषयीच मला आज सांगायचे आहे.

आम्ही त्यांना शेठकाका म्हणायचो. त्यांचे कापडाचे छोटे दुकान होते. गिरणेकाठच्या आमच्या गावाहून माझे वडील बाजाराला आले की कापूस विकल्यावर फेडायच्या बोलीवर त्यांच्याकडून मांजरपाट, धोतरजोड्या आणि आईची लुगडी उधारीवर नेत. चौथीनंतर मी शिकायला जळगावात आत्याकडे राहायला आलो आणि शेठकाकांचा मुलगा व मी एका बाकावर बसू लागलो. पाचवीच्या सहामाहीचे प्रगतिपुस्तक घरून सही करून आणायचे होते. त्याच्या प्रगतिपुस्तकात पालकाच्या सहीच्या जागी जांभळ्या शाईचा अंगठा होता. वर्गात एकाने तो पाहिला आणि दिवसभर त्याला "अंगठेबहाद्दराचा पोरगा" म्हणून चिडवले.

शेठकाका अडाणी नव्हते. सिंधमधल्या सक्करच्या शाळेत ते शिकलेले होते, आणि दुकानाच्या वह्या त्यांच्या सिंधी अक्षरांत उजवीकडून डावीकडे इतक्या सुबक लिहिलेल्या असत की मी त्या चित्रासारख्या पाहत बसे. निर्वासित म्हणून आल्यावर एका सरकारी कचेरीत त्यांनी त्याच अक्षरांत सही केली होती, तेव्हा समोरच्या कारकुनाने, "ही सही इथं कोणाला वाचता येणार? अंगठा लावा," असे सांगितले होते. तेव्हापासून सरकारी कागद म्हटला की ते निमूटपणे अंगठा पुढे करत. त्या दिवशी संध्याकाळी मात्र त्यांनी मला दुकानाच्या मागच्या बाजूला बोलावले, कापडाच्या गाठोड्यावर बसवले आणि म्हणाले, "बेटा, माझं नाव मला तुझ्या अक्षरांत लिहून दाखव."

मी पाटीवर त्यांचे नाव लिहून दिले. त्यांनी पेन्सिल घेतली आणि पाटीच्या उजव्या कडेपासून सुरुवात केली, शेवटचे अक्षर आधी. आठ-दहा दिवस रोज शाळा सुटल्यावर मी तिथे जात असे. अक्षरे हळूहळू वळणावर आली, डावीकडून उजवीकडे चालू लागली. पण अक्षरे संपली की वरची रेघ ते उजव्या टोकापासून ओढत डावीकडे आणत, आणि शेवटी ती किंचित वर उचलली जाई. मी दर वेळी सांगे की शिरोरेषा डावीकडून ओढायची असते. ते मान हलवत, पुसत, आणि पुन्हा तशीच ओढत. दुकानातल्या गिऱ्हाइकांशी बोलून त्यांची जीभ मराठीआधी अहिराणीवर बसली होती, म्हणून पाटी माझ्यासमोर धरून विचारत, "आते बरोबर शे का?" वार्षिक परीक्षेच्या प्रगतिपुस्तकावर त्यांची देवनागरी सही होती. माझ्या मित्राने ते पुस्तक उघडेच धरून वर्गात नेले.

आज सकाळी त्या माणसाच्या मुलाला "तू इथला नाहीस" असे सांगण्यात आले.

त्या पंचविशीतल्या मुलाला मी काही गोष्टी विचारणार आहे. शेठकाका ज्या सक्करचे होते, त्याच सक्करला 21 जानेवारी 1943 रोजी हेमू कलाणीला फाशी दिले गेले. तो 19 वर्षांचा होता आणि 'चले जाव'च्या लढ्यात होता. त्याच लढ्यात त्याआधी साडेचार महिने, 9 सप्टेंबर 1942 रोजी, आपल्या नंदुरबारला शिरीषकुमार मेहता हातातला तिरंगा खाली न ठेवता गोळ्या झेलून पडला, तेव्हा त्याला सोळावे पूर्ण व्हायचे होते. त्याच्याबरोबर लालदास, धनसुखलाल, शशीधर आणि घनश्यामदास गेले. एक पोर तापीच्या खोऱ्यातले आणि एक सिंधूकाठचे, लढा एकच आणि घोषणाही त्याच. मग 1947 मध्ये नकाशावर रेघ ओढली गेली आणि ज्या गावाने या देशासाठी फाशी सोसली ते गावच देशाबाहेर गेले. त्या गावच्या लोकांना आपण निर्वासित म्हटले. ते देश सोडून आलेले नव्हते. ज्याला ते देश समजत होते त्याच्या मागोमाग ते आले, घरदार तिकडे टाकून, कराचीच्या बंदरातून बोटीने, कल्याणच्या लष्करी बराकींत दिवस काढून.

आणि शिरीषकुमारच्या घरी भाषा कोणती होती, हेही त्या मुलाने विचारावे. गुजराती होती. आज कोणी त्याच्या हौतात्म्याला बाहेरचे म्हणेल का?

आपले खान्देश तरी कोणाकोणाचे आहे? साने गुरुजी कोकणातल्या पालगडचे. ते अमळनेरला शिकवायला आले आणि आपले झाले. विनोबा गागोद्याचे, 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचने दिली आणि ती साने गुरुजींनी उतरवून घेतली. दोघेही परमुलखातले, आणि तरी धुळे-अमळनेर ही नावे त्यांच्याशिवाय आपल्याला उच्चारता येत नाहीत. 1936 च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले, त्याच्या उभारणीत शांतिनिकेतनचे नंदलाल बोस बांबू आणि चटयांशी झटत होते. तेव्हा त्यांना कोणी गाव विचारले नव्हते.

उलट जे खरोखर सगळ्यांच्या आधीपासून इथे आहेत, त्यांच्याकडे आपण कसे पाहतो? सातपुड्यातले भिल्ल खाज्या नाईकांबरोबर 1858 मध्ये अंबापाणीला इंग्रजी पलटणीशी लढले. त्यांच्याच वारसांना आज वनहक्काच्या दाव्यासाठी कागद गोळा करत कचेऱ्यांच्या पायऱ्या चढाव्या लागतात, 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून ही जमीन तूच कसत होतास हे दाखव म्हणून. म्हणजे आधी आलेल्याला पुरावा मागायचा, नंतर आलेल्यालाही मागायचा, आणि मधल्या आपण मात्र कोणालाही काही दाखवायचे नाही. हा हक्क आपल्याला कोणी दिला? मला आज फार संताप येतो आहे आणि तो मी लपवणार नाही.

त्याच मुलाचे दोन काका सुरतेला आहेत. आपल्यापैकी कोणाचे नाहीत? उधना, लिंबायत, दिंडोली इथे निम्मे खान्देश नांदते आहे. माझा धाकटा भाऊ तिथे पॉवरलूमवर तीस वर्षे राबला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी यायचा, कानात कापसाचे बोळे घालून झोपायचा, कारण मागांचा खडखडाट त्याच्या कानातून जात नसे. त्याला तिथे कोणी "तुम्ही बाहेरचे" म्हटले की तो आठ दिवस आमच्याशीही नीट बोलत नसे. तेव्हा आपल्या सगळ्या घराला ते लागायचे. तेच शब्द आपल्या बागेत उच्चारले गेले तर ते गमतीचे कसे होतात?

त्या मुलाच्या बोलण्यामागे एक भाग खरा आहे, तोही सांगून टाकतो: देश म्हणजे धर्मशाळा नाही, सीमा असते, नोंद असते, आणि कोण आला कोण गेला हे सरकारने पाहिलेच पाहिजे. मान्य. पण शेठकाकांनी ते सगळे केले होते. 19 जुलै 1948 नंतर आलेल्यांना नुसते येऊन राहणे पुरेसे नव्हते. घटनेच्या सहाव्या कलमाप्रमाणे निदान सहा महिने इथे राहून, अर्ज करून, अधिकाऱ्याकडून नागरिक म्हणून नोंद करून घ्यावी लागे. शेठकाका त्या तारखेनंतर आलेले. तुम्ही-आम्ही जन्मलो आणि नागरिक झालो. त्यांनी अर्ज करून, रांगेत उभे राहून, अंगठ्याला शाई लावून घेऊन हा देश मागून घेतला. आपल्यापैकी किती जणांनी हा देश कधी मागितला आहे?

इथपर्यंत लिहून मी उठलो होतो. चहा करून घेतला. पुन्हा बसलो तेव्हा लक्षात आले की त्या मुलावर एवढे लिहिल्यावर मला स्वतःविषयीही लिहावे लागेल.

माझी मुलगी 18 वर्षे अमेरिकेत आहे. गेल्या चैत्रात तिने तिथले नागरिकत्व घेतले. तिने फोटो पाठवला: एका मोठ्या सभागृहात नाना देशांच्या लोकांमध्ये उजवा हात वर करून ती उभी आहे, दुसऱ्या हातात कागदी झेंडा आहे. त्या शपथेत आजवर ज्या परक्या राज्याचे आपण प्रजाजन होतो त्याची निष्ठा पूर्णपणे सोडल्याचे म्हणावे लागते. परके राज्य, म्हणजे हे. मी तो फोटो दोन दिवस पुन्हा पुन्हा पाहिला आणि तिसऱ्या दिवशी फोनवर तिला म्हणालो, "आता तू आमच्याकडे पाहुणी." तिला आकडाही ऐकवला: 2022 या एका वर्षात 2,25,620 भारतीयांनी नागरिकत्व सोडले, त्या रांगेत तू जाऊन उभी राहिलीस. ती काही बोलली नाही. तेव्हापासून आमचे बोलणे माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि तिकडचे हवामान यापलीकडे गेलेले नाही.

तिने आधी मला समजावले होते, ते मी ऐकून घेतले नव्हते. नोकरीच्या व्हिसावर असताना नोकरी गेली तर 60 दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर मुलांची शाळा, घर, सगळे आवरून निघायचे. "बाबा, इतकी वर्षं मी झोपताना दिवस मोजलेत," असे ती म्हणाली होती. एकदा तिने भगतसिंग थिंद यांच्याविषयी सांगितले होते: पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात नोकरी केलेल्या या शीख माणसाला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1923 मध्ये तू गोरा नाहीस म्हणून नागरिकत्व नाकारले, आणि भारतीयांसाठी ते दार 1946 मध्ये उघडले, तेव्हाही तिथे नव्याने स्थायिक व्हायची मुभा वर्षाला शंभर माणसांपुरतीच होती. तिला सांगायचे होते की तिच्या हातातला तो कागदी झेंडा फुकट मिळालेला नाही. मला त्यात तेव्हा नुसते समर्थन दिसले.

आपली घटना दुहेरी नागरिकत्व मानत नाही, परक्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की इथले संपते, आणि मला तो नियम आजही योग्य वाटतो. तिला आता मत देता येणार नाही. गिरणेकाठची माझी जमीन तिला वारशाने मिळू शकेल, पण बांधाला लागून असलेला तुकडा विकायला निघाला तर तो तिला घेता येणार नाही. ही किंमत तिला माहीत होती आणि ती तिने मोजली. पण कायद्याने नागरिकत्व संपणे वेगळे, आणि बापाने "तू पाहुणी" म्हणणे वेगळे. कायद्याने तिच्याकडून पासपोर्ट घेतला. मी तिच्याकडून गाव काढून घेतले. सकाळी त्या मुलाने माझ्या मित्राला जे म्हटले त्यात आणि मी चैत्रात फोनवर जे म्हणालो त्यात मला आता फारसा फरक दिसत नाही. उलट तो मुलगा हसत तरी बोलला. मी मनापासून बोललो होतो.

आणि परदेशी गेलेला माणूस देश विसरतो, हे मी वर्गात शिकवलेल्या इतिहासाशीही जुळत नाही. 1913 मध्ये गदर पक्ष उभा राहिला तो अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, तिथे राबायला आणि शिकायला गेलेल्या माणसांमधून. वर्ध्याकडचे पांडुरंग खानखोजे त्या उभारणीत होते. इंग्रजांमुळे त्यांना परत येता येईना, म्हणून ते मेक्सिकोत राहिले, तिथल्या शेतकऱ्यांसाठी मक्यावर संशोधन केले, शेतीच्या शाळा काढल्या. दिएगो रिव्हेरासारख्या चित्रकाराने त्यांना भिंतीवर रंगवले. स्वातंत्र्यानंतर ते परतले आणि 1967 मध्ये नागपूरला वारले. मेक्सिकोला त्यांनी आपले मानले म्हणून ते आपले उरले नाहीत, असे म्हणायची माझी छाती नाही. मग पोटच्या पोरीला मी हे कसे म्हणालो?

शेठकाका वारले त्या वर्षी मी त्यांच्याकडे गेलो होतो. त्यांनी मला बँकेचा कागद दाखवला, सही जुळत नाही म्हणून परत आला होता. हात थरथरत असल्यामुळे अक्षरे विस्कटली होती. त्यांनी माझ्यासमोर पुन्हा सही केली आणि वरची रेघ उजवीकडून डावीकडे आणली. मी तेव्हा विचारले, "काका, ही रेघ तुम्ही शेवटपर्यंत सुधारली नाही." ते म्हणाले, "अक्षर तुझं घेतलं ना बेटा. हात माझाच राहणार." त्यांना कोणी गाव विचारले की ते अहिराणीत "मी आठलाच शे", म्हणजे मी इथलाच आहे, म्हणायचे, आणि चालिहा या सिंधी व्रताच्या चाळीस दिवसांत उपास करून झुलेलालची सिंधी भजने म्हणायचे. या दोहोंत त्यांना काही अडचण वाटत नसे. अडचण नेहमी समोरच्याला वाटायची.

माझी मुलगी तिकडच्या मुलांना गुढीपाडव्याला गुढी उभारून दाखवते, शेवभाजीचा मसाला इथून नेते, आणि तिथल्या निवडणुकीत आता मत देणार आहे. तिची रेघही उजवीकडूनच ओढली जात असेल, आणि तिकडे कोणीतरी तिलाही म्हणत असेल की ही इथली नाही. तेव्हा तिने कोणाकडे पाहायचे? मी तर दार आधीच लावून घेतले आहे.

हातात झेंडा घेतल्याबद्दल 1942 मध्ये नंदुरबारच्या पोराला गोळी लागली. स्वतंत्र झाल्यावरही सामान्य माणसाला तो रोज लावायची मोकळीक नव्हती. 2004 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने तो सन्मानाने फडकवणे हा नागरिकाचा मूलभूत हक्क मानला, आणि तो खटला उभा करणाऱ्या नवीन जिंदल यांनी तशी मोकळीक अमेरिकेत शिकताना पाहिली होती. इतक्या लोकांनी, इतक्या ठिकाणी, इतक्या वर्षांनी मिळवलेली ती दोरी आज सकाळी आपण एका म्हाताऱ्या माणसाच्या हातातून सोडवली, आणि मी पाहत उभा राहिलो.

आता झेंडा रात्रीही ठेवता येतो, पण आमच्याकडे सूर्यास्ताला उतरवायची जुनी पद्धत आहे. संध्याकाळी सहाच्या सुमारास मी खिडकीतून पाहिले तर बागेत कोणी नव्हते. सकाळचे पन्नास-साठ जण, अध्यक्ष, तो मुलगा, कोणीच नाही. भुरभुरीत झेंडा ओला होऊन खांबाला चिकटला होता. साडेसहाला माझा मित्र छत्री घेऊन आला. मी चप्पल घालून खाली गेलो. त्याने गाठ सोडली, दोरी हळूहळू ढिली करत झेंडा खाली आणला आणि मी दोन्ही टोके धरली, भुईला लागू नये म्हणून. आम्ही तो पोर्चमध्ये नेऊन आडवा धरला, केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याखाली घेतला, मग दोन्ही बाजूंनी चक्रापर्यंत घडी घातली. ओला आहे, रात्रभर पंख्याखाली वाळवतो, असे तो म्हणाला. मी त्याला म्हणालो, "सकाळी मी बोलायला हवं होतं." तो म्हणाला, "सोड रे." मग थोड्या वेळाने त्याने विचारले, "आज पोरीला फोन केलास का?"

मी नाही म्हणालो.

तिकडे आता सकाळ झाली असेल. हे इथे टाकतो आणि तिला फोन लावतो.